सत्तर शब्द

मालकांचा नातू आता संपादक. म्हणाला, गुरुलिंगकाका,
पेंटप्पा चिट्याळ वारले, अमेरिकेत.
तुमच्या ओळखीचे ना? सत्तर शब्द द्या.
पान सात, खाली, चादरींच्या सेलच्या जाहिरातीला लागून.

सत्तर.
उभं आयुष्य खिळे जुळवले मी,
सत्तरात काय मावतं ते बोटांना पाठ आहे :
जन्म, शिक्षण, पद, पश्चात पत्नी, दोन मुली.

जन्म साखर पेठेत, असं लिहीन.
खड्ड्यात पाय सोडून बाप मागावर बसायचा
आणि हा बाजूला, सुताच्या गुंत्यात,
तेलुगूत रडायचा, मराठीत भांडायचा,
कानडीत उधार मागायचा.
हे कापावं लागेल.

‘स्थानिक दैनिकात वार्ताहर’. तीन शब्द.
त्यात त्याची सायकल येत नाही.
रात्री अकराला यायचा, बातमी कागदावर नसायची, तोंडात असायची.
तो बोलायचा, मी स्टिक धरून जुळवायचो.
‘आज पाणी’ ही चौकट त्याची :
कुठल्या गल्लीत किती वाजता नळ आला,
आणि कुठल्या नगरसेवकाच्या दारात आधी.
विडी वळणाऱ्या बाया ती कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या.
त्यापायी एकदा कन्ना चौकात मार खाल्ला.
दुसऱ्या दिवशी चौकट वेळेत आली.
त्यात माराचा उल्लेख नव्हता, पाण्याचा होता.

मग मेव्हणा, व्हिसा, मक्याच्या शेतांचं राज्य.
तीन हजार वस्तीचं गाव, तिथलं मरायला टेकलेलं साप्ताहिक
यानं जुन्या ट्रकच्या किमतीत घेतलं.
पेंटप्पा कुणाला जमेना. पीट म्हणू लागले.
पत्र आलं : गुरुलिंगा, इथे ळचा खणच नाही रे.

इथे तरी कुठे पुरायचे!
सोळा होते आमच्याकडे.
‘मंगळवार पेठेत नळ कोरडे, सकाळपासून गोंधळ’,
एका ओळीत चार गेले.
उरलेल्या पानाला मी ल लावायचो,
वाचणारे समजून घ्यायचे.

तिकडच्या विधानसभेला उभा राहिला.
दोनदा पडला. तिसऱ्यांदा आला, एकसष्ट मतांनी.
आमच्या पेपरनं छापलं, सोलापूरच्या सुपुत्राची भरारी.
फोनवर हसता हसता त्याला ठसका लागला.
अरे, सुपुत्र तर आपणच कापायचो ना?

पहिलं विधेयक कशाचं, मी विचारलं.
नळाचं, म्हणाला.
जुने पाइप शिशाचे आहेत, पोरांच्या पोटात जातं.
मी बोटांकडे बघितलं.
चाळीस वर्षं तेच शिसं, त्याच हातानं भाकरी.
पलीकडून तो म्हणाला, हात धुतोस ना रे?
विधेयकाचं पुढे काय झालं
ते विचारायचं राहूनच गेलं.

चौथ्यांदा पडला. त्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली,
प्रेसमध्ये येऊन उभा राहिला.
खिळ्यांच्या केशी कुठे गेल्या?
भंगारात. किलोवर.
थोडा वेळ ऑफसेट मशिनकडे बघत राहिला,
पाहुण्यांच्या घरचं बाळ बघावं तसा.

एक ळ माझ्या सुपारीच्या डबीत होता.
दिला नाही.
म्हटलं, घरी नातवंडं असतील, शिसं आहे शेवटी.
हे कारण मला तो गेल्यावर सुचलं.

मोजले. सहासष्ट झाले.
जन्म, शिक्षण, पद, पत्नी, मुली, सगळं बसलं.
चार उरले. नातू म्हणतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाका,
दोन कमी पडले तरी चालेल.
मी चष्मा पुसला आणि लिहिलं :

साखर पेठ, पहाटे साडेतीन.